चाचणीतली आत्या

चाळिशी नुकतीच ओलांडली होती, डोक्यावरचे केस अजून जागच्या जागी होते, तरी ऑफिसात सगळे त्याला काका म्हणायचे. सुरुवातीला त्याला राग आला, मग त्याने हसण्यावारी नेलं, आणि पुढे पुढे तर घरी बायकोने नावाने हाक मारली की क्षणभर ही कुणाला बोलावतेय असं त्याला वाटायला लागलं. इलाज नव्हता. बाकीची सगळी मंडळी पंचविशीच्या आतबाहेरची होती. ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, भाड्याच्या खुर्च्या, भिंतभर चिकटवलेले पिवळे कागद आणि एक कॉफीचं मशीन. ते बिघडलं की दुरुस्त करायचं काम का कोण जाणे काकाच्याच गळ्यात पडायचं.

त्याआधी तो एका मोठ्या कंपनीत होता. तिथे त्याने वर्षानुवर्षं पगारपत्रकाचा एकच जुनाट प्रोग्रॅम सांभाळला, म्हणजे कुणीतरी कधीतरी करून ठेवलेली घाण उपसली. ती भरभक्कम नोकरी सोडून तो या स्टार्टअपमध्ये आला तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. आत्या मात्र म्हणाली, "जा की. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्यास, आता स्वतःच्या कर."

आत्या अशीच होती. काकाचे आईवडील तो लहान असतानाच गेले, त्याला आत्याने वाढवलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मभर कानाला हेडफोन लावून तिने जगातल्या माणसांना एकमेकांशी जोडून दिलं आणि स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "माझी लाइन कायम बिझी होती हो." रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी ड्यूटीवर जायचं असल्यासारखी वेळेवर उठायची, वेळेवर आवरायची, आणि भाच्याला 'शहाण्या' अशी हाक मारायची. दोन खोल्यांच्या तिच्या घरात ती एकटी राहायची. तुझ्याकडे राहायला येऊ का, असं तिने कधी विचारलं नाही. हा ये म्हणाला की ती विषय बदलायची.

स्टार्टअपचा मालक काकापेक्षा वयाने पुष्कळ लहान होता. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. त्याची कल्पना साधी होती. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाने सकाळी दहाच्या आत फोनवरचं मोठं हिरवं बटण दाबायचं. बटणावर लिहिलेलं होतं, 'मी ठीक आहे'. दाबलं तर उत्तम. दहापर्यंत दाबलं नाही, तर त्याच्या माणसाला ताबडतोब फोन आणि मेसेज जायचा. काकाला हे इतकं पटलं की त्याने पगाराची घासाघीससुद्धा केली नाही.

प्रोग्रॅम लिहायला मदतीला एक नवं साधन होतं. आपल्याला काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, की ते पटापट प्रोग्रॅम लिहून द्यायचं. ऑफिसात त्याला नाव पडलं होतं जावईबापू. कारण त्याची बडदास्त सगळे ठेवायचे, त्याने काही केलं की सगळे वा वा म्हणायचे, आणि त्याने केलेलं काम तपासायला मात्र कुणी धजायचं नाही. काका सुरुवातीला प्रत्येक ओळ वाचायचा. मग ओळी वाचायचं सोडून खालचा खुलासा वाचायला लागला. मग तोही वरवर. कामं इतकी अंगावर यायची की वाचत बसायला कुणाला सवड होती! सवड नव्हती, हे आपलं म्हणायला. खरं म्हणजे सोकावला होता.

आता चुकीकडे येऊ. खरे ग्राहक मिळण्याआधी प्रोग्रॅम तपासायला खोटे ग्राहक लागतात. त्यांची खाती उघडायची, त्यांच्यावर चाचणीचा शिक्का मारायचा आणि वाट्टेल ते प्रयोग करायचे. या खोट्या खात्यांत नाव कुणाचं घालायचं, असा प्रश्न आला की प्रोग्रॅमरच्या बोटांना घरचंच माणूस सापडतं. नंबर पाठ असतो, परवानगी मागावी लागत नाही. काकाने आत्याला घातलं. चित्रं काढणाऱ्या पोरीने आपल्या आजीला घातलं. कॅप्टनने आपल्या आईला.

खोट्या खात्यांची बटणं दाबणार कोण! झालं, फोन सुरू झाले. 'आत्या यांनी आज बटण दाबलेलं नाही. कृपया ताबडतोब संपर्क साधा.' काका न्हाव्याच्या खुर्चीत असताना फोन, बायकोच्या भावाच्या साखरपुड्यात फोन. एकदा तर पैसे गुंतवणारी बडी मंडळी समोर बसलेली असताना तिघांचे फोन एकदम कोकलायला लागले. कॅप्टन दात ओठ खात म्हणाला, "काका, हा गोंगाट आजच्या आज बंद करा."

काकाने जावईबापूंना सांगितलं, "चाचणीच्या खात्यांचे इशारे बंद कर." डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. खाली स्वच्छ शब्दांत खुलासाही होता, की या खात्यांसाठी यापुढे कुणालाही फोन किंवा मेसेज जाणार नाही आणि ऑफिसातल्या मुख्य पडद्यावरही ती लाल दिसणार नाहीत. काकाने त्यावरून नजर फिरवली, मान्य केलं आणि कॉफीचं मशीन बघायला उठला. त्या दिवसापासून शांतता झाली.

पुढे काही महिन्यांनी, प्रोग्रॅम बाजारात आल्यावर, त्याने आत्याच्या फोनवर तो चढवला. नवं खातं काढायचं तर नाव, पत्ता, वय, आजार, सतरा प्रश्न. आत्या चष्मा शोधत होती आणि वैतागत होती. काका म्हणाला, "राहू दे आत्या, तुझं खातं माझ्याकडे तयारच आहे." आणि तेच जुनं खातं त्याने तिच्या फोनवर उघडून दिलं. त्यावरचा चाचणीचा शिक्का काढायचा असतो हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. स्वतः लावलेला शिक्का, स्वतः बंद केलेले इशारे, आणि माणूस म्हणे अनुभवी!

आत्याने ते बटण ड्यूटीसारखं घेतलं. एक दिवस चुकवलं नाही. त्यामुळे काकाला तिच्याबद्दल कधी इशारा यायचा प्रश्नच आला नाही, आणि इशारा येत नाही म्हणजे आत्या ठणठणीत आहे, असं तो खुशाल धरून चालला. पूर्वी तो तिला रोज संध्याकाळी फोन करायचा. तो हळूहळू दोन दिवसांनी, मग आठवड्याने करायला लागला. रोज सकाळी कळतंय की, मग वेगळं काय विचारायचं?

त्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. "अरे, आत्या फोन उचलत नाहीयेत. मी तीनदा लावला."

काका कामात गढला होता. येत्या बुधवारी बडी मंडळी पुन्हा येणार होती. त्याने मुख्य पडद्यावर नजर टाकली. एकही खातं लाल नव्हतं. "अगं, काही झालं असतं तर मला कळलं नसतं का?" तो म्हणाला. "त्यासाठीच तर हे बनवलंय. झोपली असेल."

"दुपारच्या झोपतात त्या? कधी बघितलंस?"

"मग बाहेर गेली असेल. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

तासाभराने तिचा पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला. "तुझं यंत्र काय म्हणायचं ते म्हणो. त्या माझा फोन सोडत नाहीत. तू जातोस की मी अर्धी रजा टाकून जाऊ?"

मग कुठे हा उठला, तोही धुसफुसत. आणि ऐका, वाटेत त्याने गाडीच्या चाकांत हवा भरून घेतली! आपण चाललो आहोत ते केवळ बायकोची समजूत काढायला, अशी त्याची बालंबाल खात्री होती.

बेल वाजवली, उत्तर नाही. त्याने खिशातली किल्ली काढून दार उघडलं. बाहेर लख्ख उजेड होता आणि आत पडदे ओढलेले होते. सकाळी उठल्याबरोबर पडदे सारल्याशिवाय आत्या चूळसुद्धा भरत नसे. टेबलावर फोन होता, त्यावर बायकोचे न उचललेले कॉल, आणि त्यामागे ते हिरवं बटण. न दाबलेलं.

"आलास का?" बाथरूममधून आवाज आला. कोरडा, घशात अडकलेला आवाज.

आत्या बेसिन आणि दार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एका कुशीवर पडली होती. एक चप्पल पायात, एक लांब भिंतीशी. एक पाय विचित्र वळलेला. अंगाखालची फरशी ओली होती. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि अशा अवस्थेतही हसायचा प्रयत्न केला. "केवढा उशीर रे शहाण्या! रस्त्यात गर्दी होती का?"

काका जागीच थिजला. तिला वाटत होतं की त्याला सकाळीच कळलंय. तिला वाटत होतं की तो केव्हाचा निघालाय. तो "हो" म्हणाला. आयुष्यात बोललेल्या सगळ्या खोट्यांत हा एवढासा 'हो' त्याला सर्वांत जड गेला.

ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यावाचून इतका वेळ पडून होत्या, आजची रात्र तशीच गेली असती तर त्या वाचल्या नसत्या." ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आत्या उशीला टेकून बसली आणि येईल त्या नर्सला सांगायला लागली, "माझ्या भाच्याने बनवलंय. बटण दाबलं नाही की त्याला तिकडे लगेच कळतं. त्यानेच वाचवलं मला." बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने काकाकडे एकदा बघितलं आणि चादर नीट करायला लागली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. त्याला वाटत होतं फोन कंपनीची चूक असेल, नाहीतर त्याचाच फोन बंद पडला असेल. त्याने आत्याचं खातं उघडलं. सकाळी दहा वाजता इशारा तयार झाला होता. अगदी ठोक्याला. पुढे लिहिलं होतं, 'चाचणी खातं. पाठवला नाही.'

त्याने ती आज्ञा शोधून काढली. जावईबापूंनी नको ते काहीच केलेलं नव्हतं, सांगितलं तेवढंच केलं होतं, आणि काय केलं तेही लिहून ठेवलं होतं. खाली मान्यता काकाची. यंत्राला दोष द्यायलाही जागा राहिली नव्हती. त्याने आत्याच्या खात्याचा शिक्का काढला. मग तसलीच बाकीची खाती बघितली आणि लॅपटॉप मिटून उठला.

तो तसाच ऑफिसात गेला. आत शिरताच पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टनने येऊन त्याला मिठी मारली. "काका, आपण आत्यांना वाचवलं! एक माणूस वाचवला आपण! बुधवारी त्या लोकांना आकडे दाखवायचेच नाहीत. आत्यांचं दोन मिनिटांचं बोलणं दाखवायचं. बास!"

"कॅप्टन," काका म्हणाला, "तुझी आई हे वापरते?"

"रोज. का हो?"

"खातं कुठलं? नवं काढलं होतंस?"

"छे, नवं कशाला? पहिल्या दिवशीच काढलेलं होतं ना, तुमच्या आत्यांच्या..." कॅप्टन बोलता बोलता थांबला.

काकाने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. टाळ्या वाजवणारे हात जिथल्या तिथे राहिले. चित्रं काढणारी पोरगी हळूच म्हणाली, "माझी आजी पण त्यातच आहे." कोपऱ्यातून आणखी एक जण म्हणाला, "माझे बाबा." एकूणएकाने तोच आळस केला होता. तयार खातं होतं, तेच घरच्या माणसाला देऊन टाकलं होतं. पैसे भरणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांवर पहारा चोख होता. पहारा नव्हता तो फक्त यांच्या स्वतःच्या माणसांवर.

कॅप्टनने फोन काढला. आईला लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. त्याने पुन्हा लावला. सगळी खोली त्या रिंगकडे कान लावून उभी होती. शेवटी पलीकडून आवाज आला, "अरे, आंघोळीला गेले होते! एवढा काय जीव जातोय?" कॅप्टन भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसला.

चाचणीचे सगळे शिक्के त्यांनी तिथल्या तिथे काढले. जो तो घरी फोन लावत सुटला. मग कॅप्टन काकाला जिन्यात घेऊन गेला. त्याचं डोकं पुन्हा चालायला लागलं होतं. "आत्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग नका सांगू. आता तर सगळं दुरुस्त झालंय. त्या खूश आहेत, त्यांचा विश्वास आहे. तो मोडून कुणाचं भलं होणार आहे? खोटं कुणी बोलायचं नाहीये, काका. त्या जे मानतात ते त्या बोलतील. आपण मध्ये पडायचं नाही, एवढंच."

काका ऐकत राहिला, आणि त्याला सर्वांत मोठा धक्का बसला तो हा, की कॅप्टनचं बोलणं त्याला पटत होतं. खरंच, कशाला सांगायचं? म्हातारं माणूस, मोडलेलं हाड. तिला जगायला जो आधार वाटतोय तो आपण कशाला काढून घ्यायचा? हॉस्पिटलच्या वाटेवर त्याचं जवळजवळ ठरलं होतं.

आत्या त्याचीच वाट बघत होती. केस विंचरून घेतलेले, चष्मा लावलेला. "तुझ्या त्या कॅप्टनचा फोन आला होता सकाळी. मला बोलायला सांगतोय, त्या बड्या लोकांसाठी. मी हो म्हटलंय. नीट बोलेन हं, आवाजाची नोकरी केली आहे जन्मभर." मग शेजारच्या पलंगाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि या बाईंनाही घालून दे ते. यांचा मुलगा परदेशात असतो. मी सांगितलंय त्यांना, मी तिथे पडले होते ना, पण एक क्षण घाबरले नाही. पलीकडे आमचा शहाणा बसलाय, त्याला कळलंय, हे मला पक्कं ठाऊक होतं."

शेजारच्या बाई काकाकडे कौतुकाने बघत होत्या. त्याला ते सहन झालं नाही. त्याने मधला पडदा ओढला आणि स्टूल पुढे घेतलं.

"आत्या, त्या दिवशी मला फोन आला नव्हता."

"म्हणजे?"

"मला काहीच कळलं नव्हतं. हिने ढकललं म्हणून मी आलो. त्यातही उशीर केला."

आत्या हसली. "चेष्टा करू नकोस."

त्याने तिला सगळं सांगितलं. चाचणी, शिक्का, साखरपुड्यात आलेले फोन, जावईबापू, आणि आळसाने दिलेलं ते तयार खातं. कुठेही सारवासारव केली नाही. ती ऐकत गेली तसं तिचं हसू विरत गेलं. आत्याने आयुष्यभर बिघडलेल्या लाइनी बघितल्या होत्या. तिने नेमकं विचारलं. "म्हणजे त्या दिवशी लाइन तुटली होती?"

"नाही आत्या. ती मी जोडलीच नव्हती."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मी रोज सकाळी आवरून ते बटण दाबायचे, तेव्हा तुला काही कळत नव्हतं?"

"पलीकडे कुणीच नव्हतं, आत्या."

त्याला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. तिने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. तिचा आवाज निघाला तो इतका साधा होता की काकाला तो पहिल्यांदा नीट कळलाच नाही.

"त्या दिवशी दुपारी पार्सलवाला आला होता. चुकून माझ्या दाराशी. चांगला उभा होता, दोनदा बेल वाजवली. कुणी आहे का, म्हणून विचारलंसुद्धा. मला सगळं ऐकू येत होतं."

"मग ओरडली का नाहीस?" काकाचा स्वर फाटला. "आत्या, हाक का नाही मारलीस त्याला?"

"मारणार होते," आत्या म्हणाली. "पण त्याच्याकडे किल्ली नाही, तो दार फोडत बसणार, चार लोक गोळा होणार. म्हटलं, तू निघालेला आहेस. कशाला त्या बिचाऱ्याला त्रास?"